लेक होडीत, आपण काठावर

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी चौदा वर्षांची, यंदा नववीत गेली. आजवर एकाही खेळात टिकली नाही. सॉकर दोन सीझन, टेनिस एक उन्हाळा. भरतनाट्यम् सहा वर्षं केलं, तेही गेल्या वर्षी सोडलं. परवा शाळेतून एक कागद घेऊन आली. रोइंगची, म्हणजे होडी वल्हवण्याच्या शर्यतींची, टीम आहे, अनुभव नसला तरी चालेल, येत्या शनिवारी तळ्यावर येऊन करून बघा, असं त्यात लिहिलंय. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवरा म्हणतो, कॉलेजच्या ॲडमिशनला उपयोग होणार असेल तरच पैसे घालू. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांचं एकच पालुपद, ‘पाण्याशी खेळ नको.’ मुलीची उंची पाच फूट दोन इंच. तिला जमेल का? धोका किती? अभ्यासाचं काय? आणि आई म्हणून मी नेमकं काय करायचं असतं?
– मधल्यामध्ये सापडलेली

*

मधल्यामध्ये सापडलेल्या बाई,

माझा मुलगा न्यू जर्सीतल्याच एका शाळेच्या टीममध्ये चार वर्षं होता. आता कॉलेजात आहे आणि वल्ह्याला हात लावत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी प्रचाराला बसलेय असं वाटायला नको. पण त्या चार वर्षांत आमच्या गाडीच्या डिकीला ओल्या मोज्यांचा जो वास लागला तो अजून गेलेला नाही, आणि तो गेला नाही याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. तेव्हा मी पूर्ण तटस्थ आहे असंही समजू नका.

आधी ‘आता उशीर झाला का’ ते बघू. तुम्ही तो प्रश्न विचारलेला नाही, पण पत्रभर तोच आहे. सॉकरमध्ये तुमची लेक मैदानात उतरली तेव्हा बाकीच्या पोरी चौथ्या-पाचव्या वर्षापासून चेंडू लाथाडत होत्या. तिथे ती मागे पडणारच होती. रोइंगचं तसं नाही. अमेरिकेत बहुतेक मुलं नववीच्या आसपासच पहिल्यांदा वल्हं हातात धरतात. पहिल्या दिवशी सगळ्यांची सारखीच फजिती होते. नवख्यांची ‘नॉव्हिस’ नावाची वेगळी होडी असते, वेगळ्या शर्यती असतात. ज्या मुलांना कुठल्याच खेळात जागा मिळाली नाही त्यांना मोकळी असलेली ही एक जागा आहे, आणि माझ्या मते शनिवारी जायला एवढं कारण पुरे.

सासूबाईंना दत्तू भोकनळची गोष्ट सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. दुष्काळी भाग. तो बापाबरोबर विहिरी खणायचा, आणि पाण्याची त्याला भीती होती. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर, विशी ओलांडल्यावर, त्याने पहिल्यांदा वल्हं धरलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याला सुवर्ण मिळालं. सासूबाई पुण्याच्या असतील तर काम आणखी सोपं. संगमाजवळ सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, त्यांनी पाहिली असेल, निदान ऐकली तरी असेल. तीच ही जमात म्हणावं.

आता हा खेळ आहे तरी काय. आपल्या पेपरात त्याला ‘नौकानयन’ म्हणतात, आणि शिडाच्या होडीलाही तेच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. इथल्या शाळांत मुलं नुसतं ‘क्रू’ म्हणतात. ‘क्रू टीम’ म्हणू नका. पोरं हसतात, कारण क्रू म्हणजेच टीम. मी दोन वर्षं म्हणत होते, मुलाने एकदाही सांगितलं नाही.

आठ जणांची होडी साधारण साठ फूट लांब आणि बसायच्या जागी जेमतेम दोन फूट रुंद. वजन दोनशे पौंडांच्या आसपास, म्हणजे मुली ती डोक्यावर उचलून पाण्यापर्यंत नेतात. एकेकीकडे एकच लांब वल्हं असलं तर ते स्वीप. प्रत्येकीकडे दोन आखूड वल्ही असली तर स्कलिंग. बघणाऱ्याला हा दंडांचा खेळ वाटतो. खरा जोर मांड्यांचा. सीट रुळांवर मागेपुढे सरकतं, बूट होडीलाच बसवलेले असतात, गुडघे छातीशी घेऊन पाय झाडून मागे जायचं, आणि हात सगळ्यात शेवटी. आठही जणींची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकीचा ताल चुकला की वल्ह्याचं पातं पाण्यात अडकतं आणि दांडा छातीवर येतो. याला म्हणतात ‘खेकडा पकडणं’. पहिल्या महिन्यात प्रत्येकीने एक तरी पकडलेला असतो.

आता हे वाचून मला सांगा, सहा वर्षं अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसून, अडवू म्हणजे मूळ पावलं घोटलेल्या, तालाच्या बाहेर पाऊल पडलं की ओरडा खाल्लेल्या मुलीला यातलं काय परकं आहे? भरतनाट्यम् वाया गेलं म्हणून तुम्ही हळहळत असाल, तर थोडं थांबा.

उंचीचं मात्र खरं सांगते. या खेळात लांब हातपाय कामाला येतात, आणि वरच्या होड्यांमध्ये उंच मुली जास्त दिसतात. पाच फूट दोन इंचवाली मुलगी नॉव्हिस होडीत आरामात बसेल. पुढे काय ते तिची मेहनत आणि पुढची दोन वर्षं ठरवतील. तिला कोणीतरी ‘तू कॉक्स हो’ असं नक्की सुचवेल. कॉक्स म्हणजे वल्हं न मारणारी, सुकाणू धरणारी, आठ जणींना हुकूम सोडणारी मुलगी. कोकणात होडीवर तांडेल असतो ना, तसंच. बाकी आठ जणी पाठमोऱ्या जातात, पुढचं फक्त तिलाच दिसतं. चांगली जागा आहे, पण तिला आवाज आणि नजर लागते, नुसता ठेंगणेपणा पुरत नाही. तिला स्वतःला आवडलं तर होऊ दे, उंची कमी म्हणून कुणी ढकलत असेल तर निदान एक सीझन वल्हं मारायला मागा.

आणि वजनावर डोळा ठेवा. या एका बाबतीत मी तुम्हाला नाक खुपसायला सांगणार आहे. काही स्पर्धांत हलक्या वजनाचा वेगळा गट असतो आणि कॉक्स हलकी असावी असं सगळ्यांनाच वाटतं. खरं तर कॉक्स ठरलेल्या किमान वजनापेक्षा हलकी असली तर फरक भरून काढायला होडीत वजन ठेवायला लावतात, त्यामुळे उपाशी राहून पदरात काही पडत नाही. चौदा वर्षांची मुलगी जेवण टाळायला लागली, किंवा तिची पाळी चुकायला लागली, तर ते शिस्तीचं लक्षण समजू नका. डॉक्टरकडे जा आणि कोचशी बोला, याच क्रमाने. २०२४ च्या पॅरिसनंतर ऑलिंपिकमधूनही हलक्या वजनाचा गट काढून टाकलाय. घरात वाद झालाच तर हे उपयोगी पडेल.

धोका. सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. त्यांना वाटतं होडी उलटेल. आठ जणींची होडी सहसा उलटत नाही. एकटीची उलटते, आणि शिकताना उलटावीच लागते. उलटली तरी ती तरंगते, आणि पहिला नियम असा की किनारा कितीही जवळ दिसो, होडी सोडून पोहत निघायचं नाही. बूट होडीला बसवलेले असतात हे ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला होता. पण टाचेला दोरी बांधलेली असते, पाय वर खेचला की टाच बुटातून सुटते. ती दोरी जागेवर आहे ना, हे मुली पाण्यात जायच्या आधी बघतात. तुमची बघते का, ते तिला विचारा.

मला खरी भीती वाटायची थंड पाण्याची. वसंतातला सीझन मार्चमध्ये सुरू होतो. हवा छान असते, ऊन पडलेलं असतं, आणि तळ्याचं पाणी अजून चाळीस-पंचेचाळीस फॅरनहाइटवर असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्याच मिनिटात श्वास सुटतो, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही. होडीतली मुलं लाइफ जॅकेट घालत नाहीत, जॅकेटं कोचच्या मोटरबोटीत असतात. म्हणून शनिवारी गेलात की कोचला हे विचारा: प्रत्येक होडीच्या जवळ मोटरबोट असते का, तिच्यात सगळ्यांना पुरतील इतकी जॅकेटं असतात का, पाणी किती थंड असलं की तुम्ही मुलांना उतरवत नाही, आणि ढग गडगडले तर काय करता. शेवटच्याचं चांगलं उत्तर म्हणजे ‘ताबडतोब बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही.’ जो कोच ही उत्तरं न अडखळता देतो त्याच्याकडे पोरगी सोपवावी. जो हसून ‘काळजी करू नका’ म्हणतो त्याला पुन्हा विचारावं. पोहण्याची परीक्षाही बहुतेक ठिकाणी असते, काही मिनिटं पोहायचं आणि काही मिनिटं जागच्या जागी तरंगायचं. नसेल, तर का नाही ते विचारा.

आणखी एक विचारायचं असतं आणि आपण मराठी माणसं संकोचाने विचारत नाही. कोचने सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळात मुलांचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून असलेलं, प्रशिक्षण घेतलंय का? यूएसरोइंग या इथल्या राष्ट्रीय संघटनेशी जोडलेल्या क्लबांत ते बंधनकारक आहे. मोठ्या माणसाने एकट्या मुलीला खासगी मेसेज पाठवायचे नाहीत, दुसरं कुणीतरी मोठं त्या मेसेजमध्ये हवं, असा नियम त्यात आहे. विचारण्यात अपमान कसला? चांगल्या कोचला बरंच वाटतं.

आता नवऱ्याचा प्रश्न, आणि इथे मी जरा तिखट होणार आहे.

मुलींच्या रोइंगला कॉलेजात जागा आहेत हे खरं. कारणही साधं आहे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींना मुलांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावी लागते. अमेरिकन फुटबॉलच्या टीमला शंभरएक मुलगे लागतात, तो तोल सांभाळायला मुलींचा असा खेळ हवा ज्यात एका दमात पन्नास-साठ जणी मावतात. रोइंगमध्ये मावतात. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिची मुलींच्या रोइंगची स्पर्धा १९९७ पासून भरते, मुलांचं रोइंग एनसीएएत अजूनही नाही. पण आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही, आणि जिथे मिळते तिथेही पूर्ण फी भागेल इतकी सगळ्यांना मिळत नाही. कोच बघतात ते रोइंग मशीनवरचा दोन किलोमीटरचा वेळ. तो खोटा सांगता येत नाही. मात्र २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या ॲडमिशन घोटाळ्यात एका जोडप्याने कधी होडीत न बसलेल्या आपल्या मुलींना मशीनवर बसवून फोटो काढले आणि त्यांना रोइंगपटू म्हणून खपवलं. पुढे आईबाप तुरुंगात जाऊन आले. ॲडमिशनची हाव माणसाला कुठवर नेते ते बघा.

खर्च सांगते. शाळेची टीम असेल तर तुलनेने कमी लागतो, बाकीचं पालक निधी गोळा करून भागवतात. खासगी क्लब असेल तर वर्षाला तीन-चार हजार डॉलर सहज जातात, प्रवास आणि हॉटेलं वेगळी. नवी आठ जणींची होडी चाळीस-पन्नास हजार डॉलरना किंवा त्याहूनही जास्तीला पडते, पैसे जातात ते तिथे. चार वर्षांचे सगळे पैसे धरले आणि बदल्यात शिष्यवृत्तीची आशा ठेवली, तर तुमच्या यजमानांनी ते सरळ बँकेत ठेवलेले बरे. लेकीला एका गोष्टीत आपण टिकू शकतो हे कळावं म्हणून घालणार असाल, तर जरूर घाला. दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहू नका, कारण अकरावीत तिचा मशीनवरचा वेळ सुधारायचा थांबला की तुम्ही तिच्याकडे गुंतवणूक म्हणून बघायला लागाल, आणि तिला ते पहिल्याच दिवशी कळेल. आमच्याकडे कळलं होतं.

पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नका. मशीन तर मुळीच नको. टीमकडे कॉन्सेप्ट टूची मशिनं असतात, मुलं त्याला ‘अर्ग’ म्हणतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीच त्यांची होडी. अर्गच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक दांडी असते. प्रत्येक नवं पोर ती १० वर नेऊन ठेवतं, जास्त मेहनत म्हणजे जास्त फायदा असं समजून. ती सायकलच्या गिअरसारखी असते. १० वर ओढून पाठ धरते, वेळ काही सुधारत नाही. तीन ते पाचच्या मध्ये ठेवायची. कंबर दुखत असेल किंवा बरगडीत एकाच जागी कळ येत असेल, तर ‘थोडं दुखतंच’ म्हणून सोडून देऊ नका. बरगडीला बारीक चीर जाणं या खेळात होतं.

हातांचं मात्र थोडं दुखतंच. पहिल्या दोन आठवड्यांत तळव्यांना फोड येतात, फुटतात, सोलतात. हातमोजे घालू देत नाहीत, वल्ह्याची पकड कळत नाही म्हणून. मी पहिल्या रात्री मायेने तूप-हळद चोळून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातून वल्हं दोनदा निसटलं आणि दांड्यावर जो पिवळा डाग पडला तो सीझनभर गेला नाही. टीममध्ये त्या वल्ह्याला ‘करी’ नाव पडलं. साबणाने धुवायचं, कोरडं करायचं, चिकटपट्टी लावायची, बस्स. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना, एवढं तपासा.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. आठवड्याचे पाच-सहा दिवस, रोज दोन-अडीच तास, शिवाय जायला-यायला. ऐकायला भयंकर आहे. प्रत्यक्षात ज्यांचा वेळ फोनवर जायचा त्यांचा तिथून कमी होतो. पण झोप कमी होऊ देऊ नका. नववीत एखादा क्लास सोडावा लागला तर सोडा. दिवाळीच्या शनिवारी बहुतेक कुठेतरी शर्यत असेलच, फराळ डब्यातून काठावर जाईल. तिथे चकल्यांना मरण नाही, इतकंच सांगते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आईने काय करायचं.

शरद ऋतूत लांब पल्ल्याच्या शर्यती असतात, होड्या एकामागून एक सुटतात आणि घड्याळ ठरवतं कोण जिंकलं. वसंतात सगळ्या होड्या शेजारी शेजारी, शाळांच्या शर्यती बहुतेक दीड हजार मीटरच्या. फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर मे महिन्यात शाळांची स्टोट्सबरी कप ही स्पर्धा होते, १९२७ पासून. पहाटे पाचला घरून निघायचं. पोचल्यावर ट्रेलरवरून होड्या उतरतात. मुली गवतात बसून पाना घेऊन वल्ह्यांच्या चौकटी बसवत असतात. एकीचा नट गवतात पडतो, मग चार जणी गुडघ्यांवर बसून तो चाचपत असतात. तुम्हाला तोंडाशी आलेलं असतं, ‘अगं, तिकडे बघ, त्या पानाखाली.’ बोलू नका. त्यांना सापडतो. मग कॉक्स ओरडते, ‘हँड्स ऑन’, आठ जणी वाकतात आणि ती साठ फुटी होडी एकदम डोक्यावर जाते. सकाळी हाका मारूनही न उठणारी आपली पोर पाचव्या जागी उभी असते, मान ताठ, आणि तुमच्याकडे बघतही नाही. मला विचाराल तर शर्यतीपेक्षा बघण्यासारखं ते असतं.

शर्यत पाच-साडेपाच मिनिटांची, त्यातलं शेवटचं एक मिनिट काठावरून दिसतं. मी पहिल्या वर्षी घसा फोडून ज्या होडीला ओरडले ती भलत्याच शाळेची होती. वल्ह्यांच्या पात्यांचे रंग आधी पाठ करून जा. बाकीचे आठ तास तुम्ही पालकांच्या तंबूत असता. तिथे तुमचं खरं काम. अंडी, पास्ता आणि बेगल तिथे चिकार असतात, पण तुमची लेक शाकाहारी असली तर तिच्यासाठी वेगळं न्या. शर्यतीच्या दोन-तीन तास आधी दहीभात किंवा दशमी, मधे केळं, नंतर शेंगदाण्याचा लाडू. पहिल्या वेळी पन्नास लाडू नेले होते, अकराच्या आत संपले.

कोचला कुठली मुलगी कुठल्या जागी बसते आणि आपली खालच्या होडीत का, हे विचारायचं नाही. ते तिने स्वतः विचारायचं. शर्यत संपल्यावर ‘कितव्या आलात’ हेही विचारायचं नाही. ते तुम्हाला माहीत असतं आणि तिलाही. ‘भूक लागली का’ एवढं पुरतं. गाडीत बसल्यावर ती आपणहून बोलेल, किंवा बोलायच्या आधीच झोपेल.

तेव्हा शनिवारी जा. तिला अंगाला चिकटून बसणारी पँट घालायला सांगा, ढगळ कापड सरकत्या सीटच्या चाकात अडकतं. मोज्यांचे दोन जोड द्या. यजमानांनाही न्या. सासूबाईंना तर न्याच, आणि त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणि शाल घ्या. सप्टेंबरातही सकाळी सातला तळ्याच्या काठी चांगलंच गार असतं.